पायरीवरची पानं

गणपती गेले की माझ्या मुलुंडच्या खिडकीतल्या कावळ्यांचा रुबाब वाढतो. एरवी ते ग्रिलवर बसून कालच्या पोळीचा तुकडा मिळाला तरी खूश असतात. पितृपक्ष लागला की मात्र त्यांना निवड करता येते. शेजारच्या गच्चीवर खीर, समोरच्या गच्चीवर वडे, पलीकडे कुणाच्या तरी आजोबांना आवडायची म्हणून खास आणलेली जिलबी. माझ्या पोळीकडे ते मान वाकडी करून बघतात आणि उडून जातात. बाहेर ऊन तापलेलं असतं, पावसानं वाढवलेलं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, आणि जिन्यात दर मजल्यावर अळूच्या भाजीचा वास कोंडलेला असतो.

या पंधरवड्यात लोकांना आपली गेलेली माणसं आठवतात. मला शेखरदादा आठवतो, आणि तो चांगला जिवंत आहे.

आमच्या संस्थेचं ऑफिस घाटकोपरला, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आहे. नशेचा डोस जास्त होऊन घरातलं माणूस गेलं, की त्या घरी आमच्या सोशल वर्कर मुली जातात. पहिल्या आठवड्यात जातात, सगळे नातेवाईक पांगल्यावरही जातात, वर्षभर जात राहतात. मी या मुलींची सुपरवायझर. म्हणजे त्या घराघरांतलं रडणं ऐकतात आणि मी त्यांचं ऐकते. शुक्रवारी दुपारी आम्ही दार लावून बसतो. चहा येतो, कुणीतरी खारी आणलेली असते, आणि मग एकेक जण आठवडाभराचं बाहेर काढते. कुणाला झोप येत नसते, कुणी घरी जाऊन स्वतःच्या भावाचे खिसे तपासलेले असतात. मी ऐकते, विचारते, सावरते. तेच माझं काम.

एकदा रागावर बोलायला एक तज्ज्ञ आले होते. फार गोड माणूस. राग आला की श्वास आत घ्या, धरून ठेवा, मग हळूहळू सोडा, असं त्यांनी सांगितलं. सगळ्या मुलींनी डोळे मिटून केलं. मीही श्वास घेतला आणि धरून ठेवला. अजून सोडलेला नाही.

या कामात मला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर एका शब्दाची. अटॅक. पोरगा विशीतला, भरल्या छातीचा, क्रिकेट खेळणारा, आणि तो अटॅकनं गेला. अंधेरीच्या टॉवरमध्ये त्याला कार्डियाक अरेस्ट म्हणतात, वस्तीत अटॅक म्हणतात, कुठे कुठे कावीळसुद्धा चालते. मी त्या घरांना दोष देत नाही. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं असतं, गावाला तोंड दाखवायचं असतं. पण ज्यानं पुडी विकली त्याला हा शब्द किती सोयीचा पडतो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की तो ऐकला की मी दात आवळते. घरचे लाजेनं गप्प बसतात आणि तो त्यांच्याच दारावरून छाती काढून जातो.

निखिल परब असाच अटॅकनं गेला. भांडुपच्या चढावरच्या वस्तीतला मुलगा, गटारी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी सगळ्यांचीच पार्टी झालेली, त्यामुळे जास्त कुणी विचारलंही नाही. वडील विक्रोळीच्या एका जुन्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मुळात अबोल. त्यांनी दारातच खुर्ची टाकली आणि येईल त्याला मालवणीत एकच वाक्य सांगितलं, ‘अटॅक इलो.’ आई आत भिंतीला टेकून बसलेली. आमची सायली तिच्याशेजारी जाऊन बसली. सायली बोरिवलीची, तेव्हा कामाला लागून तिला फार दिवस झाले नव्हते. आईनं, म्हणजे परबकाकूंनी, तिला एवढंच विचारलं, “तुका म्हायती हा ना, कोणी दिल्यान ता?”

माहीत सगळ्यांनाच होतं. चढ सुरू होतो तिथे कोपऱ्यावर शेखरदादाचं ऑफिस. बाहेर भगवा झेंडा, आत एसी, भिंतीवर त्याच्या वडिलांचा हार घातलेला मोठा फोटो. नवरात्र मंडळाचा अध्यक्ष तो, क्रिकेट स्पर्धा भरवणारा तो, वह्यावाटप करणारा तो. ऑफिसच्या पायरीवर त्याची दोन माणसं बसायची, आणि वस्तीतली पोरं पावडर त्या पायरीवरून न्यायची. चौकीतल्या लोकांनाही हे माहीत होतं. सायलीनं तिथे जाऊन सांगितलं तर त्यांनी तिलाच पाणी विचारलं आणि म्हणाले, “घरचे काय म्हणतायत? अटॅक ना? मग?”

तिसऱ्या दिवशी चढाच्या तोंडाशी बॅनर लागला. निखिलचा गॉगलमधला फोटो, कुणाच्या तरी हळदीत काढलेला. भावपूर्ण श्रद्धांजली. आणि खाली हात जोडून, चेहरा पाडून, शोकाकुल शेखरदादा. त्याचा फोटो निखिलच्या फोटोपेक्षा मोठा होता. पाणी आणायला, दळण आणायला, मसणात जायला, कुठेही जायचं तर परबकाकूंना त्या बॅनरसमोरूनच जावं लागायचं.

त्या शुक्रवारी सायलीनं चहाला हात लावला नाही.

“ताई, मी त्याच्या गाडीची काच फोडू का? एकच.”

“फोडून काय होणार? तो दुसरी बसवेल, आणि वर बिचारा ठरेल.”

“मग काय करू? श्वास घेऊ?”

मी सुपरवायझर म्हणून जे बोलायचं ते बोलले. आपलं काम घराला आधार द्यायचं, आपण पोलीस नाही, तुला काही झालं तर त्या बाईला कोण उरेल. सगळं खरंच होतं. बोलताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती काच फुटत होती, आणि फक्त एक नाही.

दहाव्याला मीही गेले होते. स्मशानाच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, तिथे. श्रावणातली चिकचिक, ओल्या सुतळीचा आणि उदबत्तीचा वास. पिंड ठेवले आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघायला लागले. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून जमलेल्यांनी ती ओळखून मोठ्यानं वचन द्यायचं असतं. काका म्हणाले, “तायच्या लग्नाचा आम्ही बघतो रे.” कावळा पत्र्यावर होता, तिथेच बसून राहिला. मावसभाऊ म्हणाला, “तुझी बाईक विकणार नाय, आईशप्पथ.” एका मावशीनं कोंबडी-वडे कबूल केले. एक मित्र पुढे आला आणि काही न बोलताच रडत मागे गेला. प्रत्येक वचनानंतर सगळ्यांचे डोळे पत्र्याकडे. कावळा चोच पुसत बसलेला.

मग पांढरा कुर्ता सावरत शेखरदादा पुढे आला. हात जोडून, आवाज ओला करून म्हणाला, “निख्या, यंदाची ट्रॉफी तुझ्या नावानं ठेवतो भावा.”

कावळा उडून गेला.

मी शकुन-अपशकुन मानणारी नाही, पण त्या कावळ्याबद्दल मला तेव्हापासून आदर आहे. बराच वेळ वाट पाहून शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, गवताच्या काड्या वळून, आणि तो पिंडाला टेकवला. शास्त्राला तेवढं पुरतं. परबकाकूंना ते पुरलं नाही. घरी परतताना रिक्षात त्या माझ्या शेजारी होत्या. म्हणाल्या, “गवताच्या कावळ्यान जेवलो माझो झील. उपाशीच गेलो.”

जे सांगायला हवं होतं ते दहाव्याला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना सांगता आलं असतं ते परबकाका मान खाली घालून चपला शोधत होते.

पुढचे दिवस सायली दर आठवड्याला त्या घरी जात होती. गणपतीच्या सुमारास शेखरदादानं निखिलचा बॅनर काढून तिथे स्वतःचा स्वागताचा बॅनर लावला. काढलेला जुना फ्लेक्स कोंबडीवाल्यानं पिंजऱ्यांवर टाकला. परबकाकूंनी तो पाहिला तेव्हा निखिलचा गॉगल उलटा लोंबत होता. त्यांनी कुणालाही काही न विचारता फ्लेक्स ओढून घेतला, घरी नेला, आणि कात्रीनं मधोमध कापला. निखिलचा अर्धा भाग स्वच्छ पुसून गादीखाली ठेवला. शेखरदादाचा अर्धा भाग दुमडून, टाके घालून त्याचं पायपुसणं केलं आणि उंबऱ्याबाहेर टाकलं.

मी गेले तेव्हा सायली त्याच्यावर पाय पुसत होती. पाऊस नव्हता, तिच्या चपलाही कोरड्या होत्या. तरी ती पुसत होती. मग मीही पुसले. नीट पुसले, टाचांसकट. आमच्या पेशात याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण त्या तज्ज्ञांच्या श्वासापेक्षा मला त्यानं कितीतरी बरं वाटलं.

आणि मग पितृपक्ष लागला. पहिल्याच दिवशी, प्रतिपदेला, निखिलची तिथी येत होती. नातेवाईक म्हणाले, वर्ष झाल्याशिवाय पितरांत घेत नाहीत, यंदा पान ठेवू नका. परबकाकू म्हणाल्या, ज्याचा दहावाच झाला नाही त्याला वर्षाचा नियम कसला. त्यांनी काळ्या वाटाण्याचं सांबार केलं, वडे केले, खीर केली, आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून मंचुरियन आणलं, कारण निखिलला ते सगळ्यात जास्त आवडायचं. केळीच्या पानावर हे सगळं वाढून त्यांनी पत्र्यावर ठेवलं. उन्हात मंचुरियनचा रस पानभर पसरला. कावळा आला नाही.

दुपारी सायलीचा फोन आला.

“ताई, काकूंनी पान उचललं आणि खाली घेऊन गेल्या. शेखरदादाच्या ऑफिसच्या पायरीवर ठेवलंय. आणि समोर बसल्यात.”

“काय म्हणतायत?”

“म्हणतायत, जिथून घेतल्यान थयच जेवांदे.”

मी घाटकोपरहून भांडुपला पोचेपर्यंत रिक्षात एकच विचार केला, माझी पोरगी तिथे आहे आणि त्याची माणसंही तिथे आहेत. सायलीला बाजूला घ्यायचं, काकूंना समजवायचं, घरी न्यायचं, हे मनाशी पक्कं केलं होतं. पोचले तर परबकाकू रस्त्याच्या कडेला, पाटावर बसाव्यात तशा ताठ बसलेल्या. पायरीवर पान. पायरीवर नेहमी बसणारी ती दोन माणसं पलीकडच्या पानपट्टीच्या सावलीत उभी. पितरांच्या पानाला पाय कोण लावणार? झाडू मारणारी बाई आली, पान बघून हात जोडून पुढे गेली. आतल्या काचेमागे शेखरदादा. स्वतःच्या वडिलांचं श्राद्ध दणक्यात घालणारा, पितरांच्या भीतीनं अमावास्येला नवी गाडी घरी न आणणारा माणूस. तो दार उघडेना, कारण बाहेर पडायचं तर पान ओलांडावं लागत होतं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या बाईला आमच्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक आहे की या माणसाला कुठे दुखतं. मी काकूंना घरी नेलं नाही. सायलीला माझ्या मागे उभं केलं आणि काकूंच्या शेजारी बसले. येणारेजाणारे विचारायचे, “कुणाचं पान?” काकू शांतपणे सांगायच्या, “माझ्या झिलाचा. हयसून पावडर घेय होतो, त्येनीच गेलो.” पहिल्यांदा तो शब्द वस्तीत मोठ्यानं बोलला गेला. भाजीवाली ऐकून थबकली. तिनं गवारीची टोपली खाली ठेवली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

संध्याकाळी काकूंनी पान उचललं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्या पानाशेजारी भाजीवालीचं पान आलं. तिचा भाऊ, म्हणे, काविळीनं गेला होता. नशेनं गेलेल्यांच्या आईबापांची आमच्या ऑफिसात बैठक भरते, तिथे ही बातमी पोचली, मी पोचवली. मग ज्याची जी तिथी त्या दिवशी त्याचं पान यायला लागलं. विक्रोळीहून एक बाई आली. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली एक आई दोन रिक्षा बदलून आली आणि तिनं पानावर तळलेले बोंबील वाढले. कुणीतरी म्हणालं, पितरांना मासे चालत नाहीत. ती म्हणाली, माझ्या पोराला दुसरं काही चालत नव्हतं.

शेखरदादानं मागच्या भिंतीला दार पाडायचा विचार केला असावा, कारण एक गवंडी येऊन माप घेऊन गेला. पण मागे गटार होतं. मला त्या गटाराचाही अभिमान वाटला.

आमच्या संचालकांनी मला बोलावून विचारलं, “हे आपल्या कामात बसतं का?” मी म्हटलं, शोक करणाऱ्या कुटुंबाला धार्मिक विधीत सोबत करणं हे आपल्या कामात पहिल्यापासून बसतं. त्यांनाही कळलं होतं आणि मलाही.

सर्वपित्री अमावास्येला पायरी दिसत नव्हती, इतकी पानं होती. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, समोर मंडप उभा, देवी यायची. आता शेखरदादाला बाहेर येणं भाग होतं. तो दारात उभा राहिला, अलीकडे एसी, पलीकडे पानं, आणि त्यानं आवाज पुन्हा तसाच ओला केला.

“मावशी, उद्या देवी बसतेय. तुम्ही मला आईसारख्या. उचला ना हे.”

“उचलतंय,” परबकाकू म्हणाल्या. “आधी तुझ्या तोंडान सांग, माझो झील कशान गेलो.”

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. अख्खा चढ जमला होता. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो, दहाव्याला पत्र्यावरच्या कावळ्याकडे बघावं तसे.

“अटॅकनं,” तो म्हणाला.

गर्दी हलली. परबकाका कधी येऊन उभे राहिले होते ते मी पाहिलं नव्हतं. हातात पाण्याचा तांब्या. ते पुढे आले, निखिलच्या पानाभोवती त्यांनी पाणी फिरवलं, गुडघे धरत उभे राहिले आणि दहाव्याला जे बोलायचं राहिलं ते बोलले. आवाज मोठा नव्हता.

“तेका अटॅक-बिटॅक काय इलो नाय. पावडरीन गेलो माझो झील. ह्याच पायरेवरसून घेय होतो. माका म्हायत होता. मी बोललंय नाय.”

मंडपाच्या बांबूवर कावळे बसलेले होते. एक खाली उतरला. इतक्या पानांतून तो कुठल्या पानाकडे जाईल असं मनात येतंय तोवर त्यानं निखिलच्या पानावरचा वडा उचलला. कुणीतरी हुंदका दिला, भाजीवालीनं हात जोडले. सायली माझा दंड इतका घट्ट धरून होती की नंतर तिथे बोटं उमटली होती. काका, मावशी, सगळे पुढे आले. झालं हो, शिवला, चला आता घरी.

परबकाकू जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी शेखरदादाकडे पाहिलं. “कावळो शिवलो म्हणजे तेचा समाधान झाला,” त्या म्हणाल्या. “माझा खय झाला?”

त्या बसून राहिल्या. मग त्यांच्या बाजूला भाजीवाली बसली, वर्सोव्याची आई बसली, मीही बसले. दुसऱ्या दिवशी देवी आली ती या सगळ्या बायकांच्या समोरून. नवरात्रभर त्या मंडपात एकही बाई ओटी भरायला गेली नाही. शेखरदादा देवीशेजारी रेशमी कुर्त्यात उभा राहायचा, लाऊडस्पीकर लावायचा, आणि बायका हातात खण-नारळ घेऊन त्याच्या डोळ्यांसमोरून चढ उतरून दुसऱ्या मंडळाकडे जायच्या. मी मुद्दाम दोनदा जाऊन ते बघून आले. इतकं समाधान मला आयुष्यात फार थोड्या गोष्टींनी दिलंय.

त्याला अटक झाली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट ऐकली की लोकांना तसं वाटतं. दिवाळीनंतर ऑफिसला कुलूप लागलं, झेंडा उतरला, पायरीवर आता एक चावीवाला बसतो. परबकाका हल्ली आमच्या बैठकीला येतात, बोलत नाहीत, पण नव्या आलेल्या बापांच्या शेजारची खुर्ची घेतात. सायलीच्या हाताखाली आता दोन नव्या मुली आहेत आणि शुक्रवारी ती त्यांना माझीच वाक्यं सांगते, आपण पोलीस नाही वगैरे. सांगताना माझ्याकडे बघत नाही.

आज सकाळी खिडकीत कावळा पोळीकडे मान वाकडी करून बघत होता, तेव्हा परबकाकूंचा फोन आला. सायलीनं त्यांना सांगितलं असणार. ती आधी मला सांगून गेली होती, शेखरदादानं आता मुलुंडला नवीन ऑफिस उघडलंय, नवीन झेंडा, नवीन स्पर्धा, पायरीवर नवीन माणसं.

“मॅडम,” काकूंनी विचारलं, “मुलुंडाक कावळे असतत ना?”

“असतात की,” मी म्हटलं. “माझ्या खिडकीत आत्ता एक बसलाय. उपाशी आहे.”